मूळचे कुठले?

"मूळचे कुठले तुम्ही?" हा प्रश्न दिसायला अगदी गरीब. गोठ्यातल्या गाईसारखा. त्याला शिंगं आहेत हे पहिली काही वर्षं लक्षातच येत नाही.

मला तो पहिल्यांदा जून १९८४ मध्ये एका एस.टी. कंडक्टरनं विचारला. नोकरीतली बदली होऊन मी पुण्याहून बुलढाण्याला निघालो होतो. मलकापूरला रेल्वेतून उतरलो, वळकटी, ट्रंक आणि स्टोव्ह एस.टी.च्या टपावर चढवला आणि खिडकीशी बसलो. राजूरचा घाट चढताना गाडी कण्हत होती आणि मीही. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सहज विचारलं, "कुठचे साहेब?" मी म्हटलं, "पुण्याचा." पुढे गावातल्या ज्या ज्या माणसाची गाठ पडली त्याला ही बातमी माझ्या आधी पोचलेली असे. माझं नाव लोकांना कळायला सहा महिने लागले. मी 'पुन्याचा' आहे हे सहा तासांत कळलं. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. माझे केस गेले, दात गेले, नोकरी संपली. हा शिक्का मात्र पोस्टातल्या शिक्क्यासारखा पुसट न होता शाबूत आहे.

बदलीचा हुकूम आला तेव्हा पुण्यात आमच्या वाड्यात दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण होतं. मावशीनं मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणीचे डबे बांधून दिले. तिचे यजमान साठ साली इंग्लंडला गेले तेव्हाही तिनं हेच तीन डबे दिले होते. म्हणजे तिच्या हिशेबी परदेश दोनच, एक लंडन आणि दुसरा बुलढाणा. फरक एवढाच, की लंडनहून माणूस परत येतो याचा तिला अनुभव होता.

परदेश म्हटला की भाषेची अडचण आलीच. मला वाटलं होतं, मराठीच तर आहे! पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजी दारातून म्हणाल्या, "साहेब, दूधवाला आला, गंज आना." मी चक्रावलो. दुधाला गंज कशाला? पुण्यात गंज लोखंडाला चढतो. इकडे गंज म्हणजे पातेलं, हे कळेपर्यंत दूधवाला दोन गल्ल्या पुढे गेला होता. बाजारात भाजीवालीनं "सांबार देऊ का?" म्हणून विचारलं तेव्हा मी तिच्या टोपलीत इडल्या शोधल्या. सांबार म्हणजे कोथिंबीर. आणि 'मले', 'तुले', 'काहून' ऐकताना तर मला वाटे, हे लोक माझ्याच भाषेला घरचे कपडे घालून बसवतात आणि मी तिला इस्त्री करून फिरवतोय. तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण "आमच्याकडे याला कोथिंबीर म्हणतात" हे वाक्य मी त्या बाईला ऐकवलं. 'आमच्याकडे!' परदेशी माणसाच्या तोंडातला हा सगळ्यात वाईट शब्द. यजमानाच्या घरात बसून त्याला त्याच्याच स्वयंपाकातलं मीठ सांगणारा.

खरं तर भारतीय राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानं मला देशात कुठंही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. महाराष्ट्र सरकार पंधरा वर्षं राहिलेल्या माणसाला अधिवासाचा दाखला देतं. अमेरिकेसारखा कडक देशही ग्रीन कार्डवाल्याला साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करू देतो. आमच्या गल्लीचा कायदा मात्र त्याहून कडक. तिथं चाळीस वर्षांनंतरही अर्ज विचाराधीनच.

मी एकदा वैतागून आमच्या हिला म्हटलं, "आयुष्य गेलं इथं, तरी हे लोक विचारतात, मूळचे कुठले!" ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्हाला निदान एकच उत्तर द्यावं लागतं. मला कुणी विचारलं की मी आधी विचारते, माहेरचं सांगू की सासरचं?"

मी गप्प बसलो. ही मूळची साताऱ्याची. बावीस वर्षांच्या वयात आडनाव, स्वयंपाक, कुलदैवत आणि गाव हे सगळं तिनं एका सकाळी बदललं. पाच वर्षांची मुदत नाही, परीक्षा मात्र रोज. आपल्याकडच्या निम्म्या लोकसंख्येनं परदेशातला कायमचा मुक्काम न बोलता निभावलेला आहे, आणि उरलेली निम्मी बदली झाली की गहिवरते. बुलढाण्यात आल्यावर ही महिनाभरात आजींच्या चुलीपाशी बसून रोडगे शिकली, दुसऱ्या वर्षी 'काहून वं' म्हणू लागली. मी तिच्या भाषेला हसायचो. ती हसू द्यायची.

या आजींची गोष्ट तर आणखीनच निराळी. त्यांचा जन्म १९३४ चा, मेहकरचा. लग्न होऊन बुलढाण्याला आल्या आणि पुढे जिल्ह्याबाहेर फार तर शेजारच्या अकोल्यापर्यंत गेल्या असतील. पण या बाईनं बसल्या जागी किती राज्यं पाहिली! त्या जन्मल्या तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा. १८५३ साली निजामानं तो मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, १९०२ साली कायमच्या पट्ट्यानं दिला. मालकी एकाची आणि मुक्काम दुसऱ्याचा. १९३६ पासून तर निजामाच्या वारसाला 'बेरारचा युवराज' असा किताब होता. ज्या मुलखावर त्याचा अंमल नव्हता त्या मुलखाचा तो युवराज. मग स्वातंत्र्य आलं, १९५० पासून मध्य प्रदेश नावाचं राज्य झालं आणि आजी त्यातल्या झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला त्या मुंबई राज्यात आल्या, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. एवढे सगळे प्रवास त्यांनी ओट्यावरून न उठता केले. मी एकदा त्यांना हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अस्सं? मले तं कोनी इचारलं नाई बापा." आणि तांदूळ निवडू लागल्या. सरहद्दी अंगावरून गेल्या तरी माणूस हलत नाही, आणि माणूस हलला तर मात्र त्याला जन्मभर उत्तरं द्यावी लागतात.

तसं पाहिलं तर 'इथलं' म्हणजे नेमकं काय, हेही एकदा तपासायला हवं. वऱ्हाडी माणसाला ठेचा-भाकरीचा केवढा अभिमान! पण त्या ताटाला 'मूळचे कुठले?' विचारून पाहा. मिरची अमेरिकेची, पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्या जहाजातून सोळाव्या शतकात ती आपल्याकडे उतरली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. ज्वारी आफ्रिकेतून आलेली. लसूण मध्य आशियातला. राहता राहिलं मीठ. ते लोणारच्या खाऱ्या सरोवराचं म्हणून इथलं म्हणावं, तर तो खड्डाच मुळी आकाशातून आलेल्या पाहुण्यानं पाडलेला!

लोणार हे आमच्या जिल्ह्यातलं परकेपणाचं आद्यपीठ. एक उल्का आली आणि काळ्या पत्थरात जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर पाडून बसली. कधी, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कुणी पन्नास हजार वर्षं म्हणतं, अलीकडच्या संशोधनातून साडेपाच लाखांच्या वरचा आकडा निघालाय. लोकांनी तिला लवणासुराच्या कथेत सामावून घेतलं, जवळच विष्णूचं दैत्यसूदन मंदिर उभं राहिलं, आणि २०२० साली त्या सरोवराला रामसर यादीत जागतिक मान मिळाला. इतकी वर्षं मुक्काम, तरी मार्गदर्शक आजही सुरुवात करतो, "ही बाहेरून आली!" तिथं माझ्या चाळीस वर्षांची काय कथा?

हे सगळं मला विनोदानं घेता येत होतं, तोपर्यंत बरं चाललं होतं. पण मग आमच्या मुलीचा फोन आला.

ही मुलगी १९९० सालची, जन्म बुलढाण्याचाच. २०१२ साली शिकायला अमेरिकेत गेली आणि मिशिगनमध्ये संशोधनाच्या कामात रुजली. संशोधनाच्या वर्गातून म्हणून तिला ग्रीन कार्ड लवकर मिळालं. तिच्या ओळखीतले कितीतरी जण अजून रांगेत आहेत. तिथल्या कायद्यानं कुठल्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातली सात टक्केच कार्डं, मग तो देश चिमुकला असो की आपल्याएवढा. मुलं कॉलेजात जातात आणि बाप रांगेतच असतो.

ग्रीन कार्डवाल्याला तिथल्या कराच्या भाषेत 'रेसिडेंट एलियन' म्हणतात. हे ऐकून मी खूप हसलो होतो. एलियन म्हणजे परग्रहावरचा. म्हटलं, लोणारजवळची मुलगी, शोभतं! तिला मात्र हसू येत नसे. ते कार्ड कायम जवळ बाळगायचं. घर बदललं तर दहा दिवसांत सरकारला कळवायचं. कर सगळे भरायचे, पण देशाच्या निवडणुकीत मत नाही. दुकानात, पार्टीत, डॉक्टरकडे तोच गाईसारखा प्रश्न, "तू कुठली?" मिशिगन म्हटलं की पुढचा, "हो, पण मूळची?" एकदा मी विचारलं, "मग काय सांगतेस?" मला वाटलं, पुणे म्हणत असेल. ती म्हणाली, "बुलढाणा. मग त्यांना स्पेलिंग सांगते." मला उगीचच थोडं लागलं. पुण्याचं स्पेलिंग किती सोपं आहे!

२०२२ साली हिच्या मांडीचं हाड मोडलं. मुलगी धावत आली. ऑपरेशन झालं, वॉकर आला, ही भिंतीला धरून चालू लागली. पण मी पाहत होतो, मुलगी रोज भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी उभी राहून बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं, रजा मोजतेय. ती मोजत होती कायदा. ग्रीन कार्डवाला सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिला की परतताना प्रश्न सुरू होतात. वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात. आईच्या उशाशी बसून मुलीला दिवस मोजावे लागत होते, आणि वॉर्डातली आया तिला म्हणत होती, "ताई, तुमी तिकडच्याच झाल्या आता."

दोन वर्षांनी तिनं फोनवर विचारलं, "बाबा, मी तिथलं नागरिकत्व घेऊ? घेतलं तर इकडचा पासपोर्ट परत करावा लागेल. दोन्ही ठेवता येत नाहीत. पण मग ओसीआय कार्ड मिळतं. इकडे येऊन कितीही दिवस राहता येईल, तिकडची भीती नाही. मत देता येणार नाही, शेत विकत घेता येणार नाही, पण तुमच्याजवळ राहता येईल."

म्हणजे बुलढाण्यात निर्धास्त राहता यावं म्हणून तिला अमेरिकन व्हायचं होतं!

मी काय म्हणालो असेन? "नको," म्हणालो. जोरात म्हणालो. "चार पैशांची गैरसोय सोस, पण आपण आपलं असणं सोडायचं नाही. परके म्हणून राहू, पण मूळ सोडायचं नाही." वाक्य मला आवडलं, म्हणून दोनदा म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग ती शांतपणे म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्ही चाळीस वर्षांत बुलढाण्याचे तरी झालात का?"

त्या रात्री मला झोप आली नाही. हिशेब मांडत बसलो. १९९८ साली कर्ज काढून मी पुण्यात फ्लॅट घेतला. तो आजतागायत कुलपात आहे. बुलढाण्यात भाड्याचं घर, कारण 'पुढच्या वर्षी जायचंच आहे'. हे पुढचं वर्ष सत्तावीस वर्षं पुढेच राहिलं. गणपतीची वर्गणी मी न चुकता दिली, मंडळाच्या बैठकीला कधी गेलो नाही. येळगावचं धरण आटून नळाला आठ-आठ दिवस पाणी नसे, तेव्हा गल्ली नगरपालिकेवर जाई आणि मी घरात बसून म्हणे, "आमच्याकडे असं नसतं." भांडणात कुणी मला साक्षीला बोलावलं नाही, मलाही तेच हवं होतं. मी समजत होतो, गावानं मला बाहेर ठेवलं. पण दाराला आतून कडी माझीच होती. पाहुण्याची मजा असते हो! ताट आधी येतं, दोष कुणी देत नाही, आणि भांडी घासावी लागत नाहीत. ती मजा चाळीस वर्षं मी घेतली आणि वर तक्रारही केली.

आणि याच जिल्ह्यातली एक लेक उलट दिशेनं पुण्याला गेली होती. सिंदखेडराजाला १५९८ साली जन्मलेल्या जिजाऊ लहानग्या शिवबाला घेऊन पुण्यात आल्या तेव्हा ते गाव उद्ध्वस्त पडलं होतं. परंपरा सांगते, त्यांनी तिथं सोन्याचा नांगर फिरवला. 'आमच्या सिंदखेडला असं नसतं' म्हणून त्या बसल्या असत्या तर? पुण्यात आज कुणी विचारतं का, त्या मूळच्या कुठल्या? मी ज्या पुण्याचा तोरा मिरवीत होतो ते बुलढाण्याच्या माहेरवाशिणीनं वसवलेलं होतं.

पुढे महिन्याभरात आजी गेल्या. नव्वदीच्या होत्या. मी बातमी कळताच शर्ट बदलला, बाजारातून चांगला हार आणला, पार्थिवाला वाहिला, हात जोडले, फाटकापाशी दहा मिनिटं उभा राहिलो आणि रीतीप्रमाणे घरी आलो. ही पहाटेपासून त्यांच्याच घरात होती. येणाऱ्या बायकांना पाणी देत होती, इकडे पिठलं-भाकरी करून तिकडे पाठवीत होती.

तिसऱ्या दिवशी आजींचा थोरला मुलगा भेटला. डोळे सुजलेले. मी काही बोलणार तोच तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही पाव्हण्यावानी काहून येऊन गेले? हार सोयरे आनतात. घरचा मानूस खांदा देते, आलेल्यायले पानी देते. माय रोज तुमच्यासाठी दुधाचा गंज भरून ठेवे. तुमाले कळाले नको?"

चाळीस वर्षांत गल्लीतल्या कुणी मला असं झापलं नव्हतं. मान खाली घालून घरी आलो. राग आला, लाजही वाटली. आणि पाणी पिताना एकदम लक्षात आलं, तो 'साहेब' म्हणाला नाही. 'भाऊ' म्हणाला.

पाहुण्यावर कुणी रागावत नाही. तो अधिकार घरच्यांचा. माझा अर्ज तिकडे कधीच मंजूर होऊन पडला होता; घेऊन यायला मीच गेलो नव्हतो. तेराव्याला मी पंगतीत वाढलं. वरण सांडलं, तेव्हा दोघातिघांनी मोकळेपणानं बोलूनही घेतलं. फार बरं वाटलं.

त्याच रात्री मुलीला फोन केला. म्हटलं, "घे नागरिकत्व. फक्त एक सांगतो. कागदाचं परकेपण आपल्या हातात नसतं. ते ज्याच्यावर लादलंय त्याला 'रुळून जा' म्हणून उपदेश करणं हा चोंबडेपणा. पण जे आपण हौसेनं पाळतो ते मात्र सोड. तिथं शेजारी कुणी गेलं तर हार घेऊन जाऊ नकोस, पाणी द्यायला जा."

ती म्हणाली, "बाबा, मी तसंच करते हो." आईवर गेलीय.

मग जरा थांबून मीच म्हटलं, "आणि उल्का होऊ नकोस. लोणारला इतकं मोठं विवर आहे, पण त्या उल्केचा धड एक दगड शोधून सापडत नाही. आपटली आणि संपली. मिरची हो. चारशे-साडेचारशे वर्षं इथं राहिली, इथलीच झाली, पण तिखटपणा सोडला नाही."

तिनं गेल्या वर्षी शपथ घेतली. त्या शपथेत सगळ्या परकीय राजेरजवाड्यांवरची निष्ठा सोडावी लागते म्हणे. मी म्हटलं, बेरारच्या युवराजाचं नाव घेतलंस ना? दिवाळीला ती आली. कायद्यानं परदेशी नागरिक. पण रिक्षातून उतरता उतरता गल्लीनं तिला घेरलं. "आली वं पोरगी!" तिला कुणी विचारलं नाही, मूळची कुठली. ती आजींच्या रिकाम्या ओट्यावर बसून रडली, आणि आजींची सून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कायद्याचं पुस्तक काढलं तर त्या ओट्यावर परकी तीच एक आणि मी पक्का भारतीय, महाराष्ट्राचा अधिवासी. पण ओट्यावर मला जागा सरकून करावी लागली, तिची होतीच.

पुण्याचा फ्लॅट आता विकायला काढलाय. त्याच्या कागदपत्रांसाठी मध्ये पुण्याला गेलो होतो. स्वयंपाकघरात एक भांडं नव्हतं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काय हवंय आजोबा?" मी म्हटलं, "दुधासाठी एक मध्यम गंज द्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "काका, मूळचे कुठले तुम्ही? विदर्भातले का?"

मी सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. म्हटलं, "हो. बुलढाण्याचा."

त्यानं पातेलं बांधून दिलं. दर जरा जास्तच लावला. बाहेरचा माणूस म्हणून.